मावशीचं नखुरडं आणि माझा सढळ हात

बुरशीला माणसं ओळखता येतात की नाही, मला माहीत नाही. पण गर्दी नक्की ओळखता येते. हे मी एखाद्या जाड पुस्तकात वाचून शिकले असते, तर आज मान वर करून सांगितलं असतं. मी ते चूक करून शिकले, आणि चूकही अशी की तिचा त्रास झाला दुसऱ्याच बाईच्या बोटांना.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या आसपासचं असेल. मी डोंबिवलीला राहायचे. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि ठाण्याला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकतीच चिकटले होते. लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत रक्त द्यायला आलेली, हाताला कापूस दाबून बसलेली माणसं आणि मागच्या खोलीत आम्ही, म्हणजे मी, एक मायक्रोस्कोप, नळ्या गरगरा फिरवणारा एक कुरकुरणारा सेंट्रिफ्यूज आणि उबेची पेटी. लॅबच्या मालकीण डॉक्टर होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडम मूळच्या पुण्याच्या. त्या कधी आवाज चढवत नसत. 'बरं का' असं म्हणून वाक्य सुरू केलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

मी स्वभावाने तापट आणि हाताने सढळ. दोन्ही गुण आईचे. आमचं मूळ गाव मालवणकडचं. पाहुण्याने दुसऱ्यांदा 'पुरे' म्हटलं तरी त्याच्या ताटात पळी उलटी करायची, ही आमच्या घरची रीत. मोजून वाढणाऱ्या बाईला आई 'दवाखान्यातली' म्हणायची, आणि मुलगी लॅबमध्ये लागल्यावरही तिने हा शब्द बदलला नाही.

लॅबमध्ये आणखी एक बाई होती. काचेची भांडी धुवायला रोज दुपारी एकला यायची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी बाळकुमची कोळीण. सकाळी मासळी बाजारात तिचा ओटा असे आणि बाजार उठला की ती तशीच आमच्याकडे येई. आली की आधी मायक्रोस्कोपला वास लागे, मग मला. सासूच्या पश्चात तो ओटा तिच्याकडे आला होता. शेजारच्या ओट्यावर तिची थोरली जाऊ बसायची, आणि मावशीच्या ओट्यावर जावेचा डोळा आहे हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. मावशी आठ दिवस बसली नाही तर नवव्या दिवशी तिथे जावेची टोपली दिसेल, असं ती स्वतःच सांगायची.

माझ्यावर तिचा जीव होता. शनिवारी मी घरी न्यायला मासे घेतले की वाट्यावर ती चार कोलंब्या जास्तीच्या टाकी. मी नको म्हटलं तर म्हणे, "वरचं नको बोलू नये, बाय. वाटा कोरा देऊ नये कोनाला." म्हणजे आमच्या आईचीच जात. आमचं जमलं यात नवल नव्हतं.

तर या मावशीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखुरडं झालं. नखं मुळाशी सुजली, लाल झाली, दाबलं की कडेने पांढरं येई. पुढे नखंच हिरवट काळी पडून खरबरीत झाली. दिवसभर पाण्यात हात असलेल्या बायकांना हे होतंच, म्हणून तिने आधी हळद लावली, मग चुना, मग कुणी सांगितलं म्हणून दोन्ही. पण गिऱ्हाईक बोटंच बघतं. मावशीने पापलेट उचलून दाखवलं की बायका पापलेटाऐवजी नखाकडे पाहायच्या आणि शेजारच्या ओट्याकडे वळायच्या. जाऊ काही बोलायची नाही, फक्त आपले मासे जरा पुढे सरकवायची.

स्टेशनकडच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही बुरशी आहे, पण कुठली ते तपासून आणा. नखात घुसणारी बुरशी साधारण दोन घराण्यांतली असते. एक गजकर्णाच्या जातीची. तिच्यावर तेव्हा गोळ्या मिळायच्या, महिनोन्महिने घ्यायच्या. दुसरी यीस्ट, म्हणजे पावात घालतात त्या यीस्टची वाह्यात चुलत बहीण. गजकर्णाच्या गोळ्यांनी तिचा केसही वाकडा होत नाही. तिला वेगळं औषध लागतं. म्हणून कोण आहे हे आधी ओळखायचं, आणि ते ओळखण्याचं काम माझ्याकडे आलं.

नखाची खरवड काढून मी ती काचेवर पाहिली. दोन-चार गोल पेशी दिसल्या, बाकी काही नाही. नळीतल्या खाद्यावर लावून ठेवली, तर तीन दिवसांनी दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके उगवले. यीस्टच होती. पण मॅडमचा नियम होता की नुसती यीस्ट उगवली म्हणून तिला गुन्हेगार म्हणायचं नाही. ओल्या हातावर, टोपलीवर, पाण्यात कसल्याही निरुपद्रवी यीस्ट असतात आणि नखाच्या कडेला येऊन बसतात. खरी रोग करणारी ओळखायची तर तिची एक परीक्षा घ्यायची.

परीक्षा सोपी आहे. लहान नळीत अर्धा मिलिलिटर माणसाचं सीरम घ्यायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी. त्यात यीस्टचा कण सोडायचा आणि अंगाइतक्या उबेत दोन-अडीच तास ठेवायचं. मग एक थेंब काचेवर घेऊन पाहायचं. यीस्ट रोग करणारी असेल तर माणसाचं सीरम चाखल्यावर तिला राहवत नाही, गोल पेशीला एक नळी फुटते. मटकीला मोड येतो तसा. मोड आला तर पॉझिटिव्ह, नाही आला तर निगेटिव्ह.

मॅडमनी शिकवताना सांगितलं होतं, "काडीचं टोक ठिपक्याला नुसतं टेकवायचं." मी इतरांच्या नमुन्यांना तसंच टेकवत होते. पण हा मावशीचा नमुना होता. जी बाई माझ्या वाट्यावर चार कोलंब्या जास्तीच्या टाकते, तिच्या नळीत मी काडीचं टोक टेकवू? मी चांगलं भरघोस उचललं. नळीतलं सीरम ताकासारखं पांढरं झालं तेव्हा मला फार समाधान वाटलं. आता इतक्या हजारोंत एकीला तरी मोड फुटेलच, असा माझा हिशेब.

अडीच तासांनी पाहिलं. गोल, गोल, गोल. काचेवर नुसती साबुदाण्याची खिचडी. एकही मोड नाही. मी मन लावून पंधरा मिनिटं शोधलं, आणि मग माझ्या सुरेख अक्षरात अहवालावर 'निगेटिव्ह' लिहिलं. माझं अक्षर खरंच सुरेख होतं. मॅडमनी सही केली. त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी तो वाचून ठरवलं की यीस्ट बाहेरची आहे, म्हणजे खरं दुखणं गजकर्णाच्या जातीचं असणार. त्यांनी मावशीला गोळ्या लिहून दिल्या.

मावशीने दोन महिने गोळ्या खाल्ल्या. त्यांनी तिचं डोकं दुखायचं, इतकं की काचा धुताना ती मधेच भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. बोटं मात्र बरी होण्याऐवजी दोनाची तीन झाली. बाजारात ती आता हात पदराखाली ठेवून बसे आणि मासे जाऊ उचलून दाखवी. "आता फक्त बसायचं तेवढा बाकी हाय तिचा," मावशी एकदा मला म्हणाली. ती हे हसत म्हणाली नाही.

शेवटी मॅडमनी तिला समोर बसवलं, हात उजेडात धरला आणि स्वतः खरवड काढली. या वेळी मायक्रोस्कोपखाली गोल पेशी तर होत्याच, पण त्यांच्यात लांबच लांब फांद्याही होत्या. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. "बरं का," त्या म्हणाल्या, "नखात हिला एवढे फाटे फुटलेत आणि तुझ्या नळीत साधा मोड फुटत नाही. हे कसं?"

मी म्हटलं, "तेव्हा नसतील फुटले. आता पुन्हा करून बघते." नमुना उगवला, मी परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी जबाबदारी जास्त, म्हणून यीस्टही जास्त घेतली. गोल, गोल, गोल.

आता संशय सीरमवर आला. सीरम विकत आणायची पद्धत आमच्याकडे नव्हती. दर सोमवारी कुणाचं तरी रक्त काढायचं आणि त्याचं सीरम आठवडाभर वापरायचं, आणि हा कुणीतरी बहुतेक वेळा मी असे. मॅडम म्हणाल्या की कधीकधी एखाद्याचं सीरम मानवत नाही. त्या सहज बोलल्या, पण मला ते झोंबलं. घरी जाऊन मी आईला सांगितलं की माझ्या रक्तात बुरशीसुद्धा रुजत नाही. आईने हा घराण्याचा अपमान मानला. दुसऱ्या दिवसापासून बीट, खजूर, आळिवाचे लाडू आणि नाचणीचं सत्त्व असा मारा सुरू झाला. विठ्ठलवाडीच्या आत्याने डाळिंबं पाठवली. शेजारच्या काकू मला जिन्यात थांबवून डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहू लागल्या. "आमच्या रक्तात काही कमी नाही," आई त्यांना सांगायची, "त्या बुरशीलाच चव नसेल."

मॅडमनी मात्र शांतपणे एक साधी गोष्ट केली. लॅबमध्ये आम्ही एक ओळखीची, रोग करणारी यीस्ट नळीत पाळली होती, अशाच शंका फेडायला. मॅडमनी माझ्याच सीरममध्ये तिचा एक कण टाकला. दोन तासांत तिला भराभर मोड आले. माझं रक्त निर्दोष सुटलं. मी घरी ही बातमी सांगितली, तरी लाडू काही थांबले नाहीत.

मग दोष कुठे होता? मला आता खरोखर राग यायला लागला होता, त्या यीस्टचा, मॅडमचा, आणि आतल्या आत माझा. मी तिसऱ्यांदा करायला बसले, तर मावशीच्या नमुन्याच्या नळीत काही उरलंच नव्हतं. मागच्या खेपेला सढळ हाताने उचलून मी सगळे ठिपके संपवले होते. तळाशी एक अस्पष्ट डाग होता. तोच मी काडीने कसाबसा पुसून घेतला. सीरममध्ये बुडवला, तरी ते गढूळसुद्धा झालं नाही. एवढ्याने काय होणार, असं पुटपुटत मी नळी पेटीत ठेवली आणि डबा खायला गेले.

परत येऊन थेंब काचेवर घेतला. पेशी इतक्या कमी होत्या की शोधाव्या लागल्या. पहिली सापडली, तिला मोड. दुसरीला मोड. तिसरीला तर तिच्या दुप्पट लांबीचा. मी एकूण एक पेशी पाहिली, आणि जवळजवळ प्रत्येकीला लांब, सरळ, देखणा मोड फुटलेला होता.

मला आधी आनंद झाला, आणि लगेच मी जुना अहवाल शोधून काढला. म्हणजे पहिल्या दिवसापासून हीच होती. मावशीने दोन महिने डोकं धरून गोळ्या खाल्ल्या त्या माझ्या सुरेख अक्षरामुळे.

मॅडमनी मायक्रोस्कोपमध्ये बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आधी किती घेत होतीस?" मी चिमूट करून दाखवली. त्या चिमटीकडे पाहून मॅडम खुर्चीवर टेकल्या. "अगं, एवढ्यात माझ्या वर्षभराच्या परीक्षा होतील. टेकवायचं म्हणाले होते ना मी?"

"मावशीचं होतं म्हणून जरा जास्त घेतलं," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला कळलं की ते किती वेडगळ आहे.

मॅडम हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. त्यांनी कपाटातून जुन्या मासिकांच्या झेरॉक्सचं एक बाड काढलं. शिकत असताना त्यांनी हे कुठेतरी वाचलं होतं. यीस्टची दाटी झाली की पेशी भोवतालच्या पाण्यात काहीतरी सोडतात. एकीने सोडलं तर ते कुठच्या कुठे विरून जातं. हजारोंनी सोडलं की ते साचतं, आणि ते साचलेलं जाणवलं की प्रत्येक पेशी मोड काढायचं थांबवते आणि गोलच राहते. ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे त्या वेळी कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्यातला एक पदार्थ वेगळा काढला, फार्नेसॉल नावाचा. तो म्हणे फुलांच्या तेलातही असतो आणि अत्तरात वापरतात. ते वाचल्यावर मला मावशीची आठवण आली आणि मी एकटीच हसले. तिच्या नखात अत्तर होतं, हे तिला सांगायला हवं होतं.

पण मी तापट. नुसतं वाचून माझं समाधान होईना. मी म्हटलं, मला हे डोळ्यांनी बघायचंय. मॅडम म्हणाल्या, "मग बघ." त्यांच्या पाळीव यीस्टची मी पातळ खाद्यात चांगली दाट वाढ करून घेतली. दुसऱ्या दिवशी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, पेशी तळाला बसल्या, वरचं नितळ पाणी काढून घेतलं. मग सीरमच्या तीन नळ्या केल्या आणि तिन्हींत यीस्ट अगदी कणभर टाकली. एकीत आणखी काही नाही. दुसरीत ताजं, न वापरलेलं खाद्य. तिसरीत गर्दीच्या अंगावरचं ते नितळ पाणी.

पहिल्या दोन नळ्यांत मोडच मोड. तिसरीत मोजक्याच पेशी, कुणाची दाटी नाही, धक्काबुक्की नाही, आणि तरी निम्म्याहून जास्त पेशी हातपाय पोटाशी घेऊन गोल बसलेल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं, पण पाण्यात निरोप होता, 'फार झाल्यात, गप्प बसा.' मी मॅडमना हाक मारली. डोंबिवलीला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी पुरेशी माणसं जमायची नाहीत. अर्धा तास वाट बघून तेच सात जण सगळ्यांच्या नावाने ठराव मंजूर करायचे. आणि इथे डोळे नसलेली, कान नसलेली बुरशी आपण किती जणी आहोत याचा बरोबर अंदाज घेऊन एकमताने वागत होती.

मॅडमनी सगळं पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं का, आता दुसरा अहवाल लिही." लॅबचा नियम असा की चुकलेला अहवाल गुपचूप बदलायचा नाही. आधीचं चुकलं असं स्पष्ट लिहायचं, आणि ज्याने चूक केली त्यानेच तो नेऊन पेशंटच्या हातात द्यायचा. मॅडमनी खाली सही केली आणि आपणही पहिल्या अहवालावर न तपासता सही केली होती, असं एक वाक्य स्वतः जोडलं. मावशीला त्यांनी स्वतः खरवड काढली त्या दिवसापासूनच काचा धुवायला मनाई केली होती, पगार चालू ठेवून. त्यामुळे ती दुपारी लॅबमध्ये येत नव्हती. मला बाजारात जावं लागलं.

सकाळची दहाची वेळ. मावशी ओट्यावर पदराखाली हात घेऊन बसली होती. मी कागद पुढे केला. ती म्हणाली, "मना वाचता येत नाय. तूच वाच. मोठ्यांदी वाच, जावेला पन आयकू दे."

मी वाचलं. "आधीचा अहवाल चुकीचा होता. नमुन्यात रोग करणारी यीस्ट आहे. चूक तपासणाऱ्या व्यक्तीकडून झाली."

"ती व्यक्ती कोन?"

"मी."

आजूबाजूच्या चार-पाच ओट्यांवरचे कोयते थांबले. मावशीने विचारलं, "म्हंजे त्या गोल्या मी उगाच खाल्ल्या?"

"हो."

"डोका धरून बसायची मी, ता पन उगाच?"

"हो, मावशी."

मग मी तिला सगळं सांगितलं. यीस्ट जास्त घेतली की ती एकमेकींना निरोप देऊन गप्प बसते, थोडी घेतली की खरं रूप दाखवते. मावशीने नीट ऐकून घेतलं. "पन तू जास्ती घेतलास कनाला?"

"तुझं होतं म्हणून."

 मला वाटलं, आता कोयता उचलते की काय. ती म्हणाली, "सासरी गेलीस तं आमटीत मीठ टाकू नको गो बाय. कोनावर जीव असंल तं नुसता पानी पाज." पलीकडच्या ओट्यावरची म्हातारी फस्सकन हसली. मला रडू येत होतं, ते तिथेच अडलं.

औषध आता साधं होतं. नखाच्या मुळाशी थेंब सोडायचे. पण त्याच्याबरोबर एक अट होती, ती मी चाचरत सांगितली. हात कोरडे ठेवायचे. निदान तीन महिने. यावर अख्खी रांग हसली. कोळणीने हात कोरडे ठेवायचे म्हणजे माशाने पाण्याबाहेर राहायचं. हसणं ओसरल्यावर शेजारून जाऊ गोड आवाजात म्हणाली, "मी हाय ना. तीन महिने मी बसतंय तुझ्या जागेवर. तू घरी आराम कर."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. तीन महिने म्हणजे कायमचं, हे तिलाही कळलं आणि मलाही. माझं डोकं फिरलं. पुढचा-मागचा विचार न करता मी म्हणाले, "जागेवर मावशीच बसेल. तिने नुसतं विकायचं. मासे मी कापून देईन."

"रोज?" जाऊ म्हणाली.

मी जरा भानावर आले. "रविवारी," मी म्हटलं. इतर दिवशी पलीकडच्या म्हातारीने कापून द्यायचं कबूल केलं. रविवारी तिला स्वतःलाच श्वास घ्यायला फुरसत नसे. लॅबमधल्या काचा धुणं मॅडमनी न विचारताच माझ्याकडे दिलं.

अशी मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, दर रविवारी सकाळी ठाण्याच्या बाजारात विळीवर बसू लागले. मासे आमच्याकडे नेहमीचेच, पण घरचे चार बांगडे वेगळे आणि सुरमईपुढे रांग लावून उभी असलेली गिऱ्हाइकं वेगळी. माझे तुकडे एक जाड, एक पातळ. वर मी लॅबमधले रबरी हातमोजे घालून बसायचे. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "काय, ऑपरेशन चाललंय का?" आईला हे कळल्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या रविवारी ती स्वतःच डोंबिवलीहून आली, ओट्यासमोर उभी राहून मावशीशी अर्धा तास घासाघीस केली, आणि जाताना माझ्याकडे बघून मावशीला म्हणाली, "हिला कमी कमी करायला शिकवा." मावशीने तिच्या वाट्यावर दोन बोंबील जास्तीचे टाकले.

माझी खरी शिक्षा मात्र निराळी होती. प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, ही नवीन कोण? आणि मावशी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायची. "लॅबातली हाय. माझी नखं हिनं चुकवली. म्हनून बसवलीय." एका सकाळीत मी माझी चूक वीस-वीस वेळा ऐकायचे. रविवारगणिक ती गोष्ट वाढत गेली. चौथ्या-पाचव्या रविवारपर्यंत त्यातली बुरशी बोलायला लागली होती. "गर्दीत असल्या का त्या एकमेकींना सांगतात, गप ऱ्हावा गो, कोन तरी बघतंय. एकटी सापडली का मंग खरी बाहेर येते." हे ऐकून मी एकदा विळीवरूनच म्हटलं, "अगदी असंच बोलत नाहीत गं त्या." मावशी म्हणाली, "तुना काय म्हाईत? तुझ्यासमोर तं त्या गपच बसलेल्या." मी पुढची सुरमई ओढली.

महिनाभरात सूज उतरली. मग नखाच्या मुळाशी एक गुलाबी, गुळगुळीत कड दिसू लागली. तांदळाच्या दाण्याएवढी, मग दोन दाण्यांएवढी. नवं नख जुन्याला पुढे ढकलत होतं. मावशी दर रविवारी मी आल्या आल्या हात माझ्या नाकासमोर धरायची आणि मी सुरमई बाजूला ठेवून मापून बघायचे. जावेने एव्हाना पुढे सरकवलेले आपले मासे पुन्हा मागे ओढले होते. अकराव्या की बाराव्या रविवारी मॅडम पिशवी घेऊन बाजारात आल्या, मावशीची तीनही बोटं चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाल्या, "झालं. आता भिजले तरी चालतील. काम झाल्यावर पुसत जा मात्र."

त्या गेल्या आणि पाच मिनिटांत एक काका आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. मी पूर्वी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी एक मोठं पापलेट निवडून माझ्यापुढे ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि मावशीला विचारलं, "ही कोण?"

मी मान खाली घालून वाट बघत राहिले. ती गोष्ट आता मला पाठ होती.

मावशी म्हणाली, "माझी बाय हाय. मदतीला येते." आणि माशांवर पाणी शिंपडायला लागली.

एवढंच. नखं नाहीत, गोळ्या नाहीत, बोलणारी बुरशी नाही. तीन महिने तीच गोष्ट ऐकून मी वैतागले होते, आणि आता तिने ती सोडून दिली तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. ती माझ्यावर पांघरूण घालत होती आणि मला ते सहन होईना. मी विळीवरून उठले.

"काका," मी म्हटलं, "मी यांच्या नखाचा रिपोर्ट चुकीचा लिहिला होता. माझ्यामुळे यांनी दोन महिने नको त्या गोळ्या खाल्ल्या. म्हणून मी इथे बसते."

मावशीचा पाणी शिंपडणारा हात थांबला. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी मावशीचा हात पाहिला, ओला, बोटांच्या टोकाला गुलाबी नखं. त्यांनी पापलेट माझ्यासमोरून उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मग हे तुम्हीच कापा," ते मावशीला म्हणाले.

मावशीने विळी माझ्याकडून ओढून घेतली.